ड्राय डेचे निळे ग्लास
ड्राय डेची बातमी वाचली की मला चिकलठाण्याच्या हॉटेलातला तो चकचकीत लाउंज आठवतो. त्या दिवशीही ड्राय डेच होता. "भाऊ, काहीतरी जमवा ना," असं मित्रानं म्हणताच बारवाल्यानं डोळा मारला आणि धूर सोडणारे दोन निळे ग्लास पुढं सरकवले. दोन घोटांत मी हवेत! पण पिऊन आलास तर घराबाहेर काढीन, असं वडिलांनी बजावलं होतं. म्हणून वास लपवायला वाटेत मूठभर पेरूचा पाला चावला. दारातच वडिलांनी तोंड हुंगलं. "ढोसून आला व्हय?" मी पाय धरून सगळं कबूल केलं, तर ते हसतच सुटले. "येड्या, ड्राय डेला दारू कुठली? सरबत पाजलं तुला! अन् पेरूचा पाला आम्ही बी लई चावलाय." मागं आई उभी होती. तिनं सुरू केलेली वडिलांची चौकशी आजही चालू आहे, मी मात्र तेव्हाच सुटलो.