नेटवाचून आईचं काय अडलं

“नेटवाचून कुणाचं काय अडलंय? उलट पोरं जरा घरच्यांशी बोलतील.”

बाहेरच्या बाकावर बसलेले एक काका शेजारच्याला सांगत होते. डॉक्टरांच्या केबिनचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे ते वाक्य आत आलं. डॉक्टर बाबांकडे पाहून म्हणाले, “रक्ताचा कॅन्सर असावा. पण त्याची खात्री मला इथे बसून करता येत नाही, आणि आज तर मुळीच नाही.”

ही दोन्ही वाक्यं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसली आहेत. हे मी ज्यांच्या घरी असा आजार येईल त्यांच्यासाठी लिहिते आहे, म्हणून दोन्हींबद्दल लिहिणार.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आम्ही नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला राहतो. सुरुवात तिच्या दंडावरच्या निळ्या डागांनी झाली. बसमध्ये दांडा लागला असेल, असं ती म्हणाली. मग दात घासताना रक्त यायला लागलं. तिने ब्रश बदलला. शेवटी वर्गात शिकवताना नाकातून रक्त आलं. मुलांनी कांदा फोडून हुंगायला दिला, डोक्यावर पाणी ओतलं, तरी ते थांबेना. तेव्हा कुठे ती दवाखान्यात यायला तयार झाली.

आधी सीबीसी केली, म्हणजे रक्तातल्या पेशींची साधी मोजणी. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी. त्या लाख-दीड लाख तरी असाव्या लागतात. आईच्या दहा हजारसुद्धा नव्हत्या.

डॉक्टरांना ज्या आजाराचा संशय होता त्याचं नाव ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. यात अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या पेशी रक्तात साचतात आणि शरीरात कुठेही रक्तस्राव होऊ शकतो, मेंदूतसुद्धा. डॉक्टर म्हणाले, “रक्ताच्या कॅन्सरमधला हा सगळ्यात बरा होणारा. फक्त सुरुवातीचे दिवस पेशंटला जगवावं लागतं.” त्यातलं ‘फक्त’ मी बराच वेळ मनात धरून होते.

एरवी ते सूक्ष्मदर्शकाखालच्या, रक्ताचा थेंब पसरलेल्या काचेचा फोटो मोबाइलवर काढून लातूरच्या रक्तविकारतज्ज्ञांना पाठवतात. चहा होईपर्यंत उत्तर येतं. पण शहरात कुठल्याशा पोस्टवरून तणाव होता आणि आदल्या संध्याकाळी इंटरनेट बंद करण्याचा आदेश निघाला होता. फोन लागत होते. बाकी काहीच नाही.

डॉक्टरांनी लातूरला फोन लावला आणि काचेवर जे दिसलं ते तोंडी सांगितलं. पेशींचा आकार, आतले कण, सगळं. एखाद्याने फोनवरून चित्र सांगावं आणि पलीकडच्याने ते ओळखावं, तसं ते चाललं होतं. लातूरचे डॉक्टर म्हणाले, संशय आहे ना, मग या आजाराची कॅप्सूल आजच सुरू करा, आणि काचा माझ्याकडे पाठवा. मग आईची बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, सुईने काढण्यात आली. बाबांनी काचा आपल्या चष्म्याच्या डबीत कापसात ठेवल्या, मगजाची नळी खिशात ठेवली आणि ते लातूरच्या एसटीत बसले. डबी सगळा रस्ता मांडीवर होती. अहमदपूरला बस थांबली तेव्हा ते लघवीलाही उतरले नाहीत, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

इकडे वॉर्डात आईपाशी मी एकटी. डॉक्टर म्हणाले, कॅप्सूल काम करायला लागेपर्यंत प्लेटलेट द्याव्या लागतील आणि पहिली पिशवी आजच हवी. रक्तपेढीत आईच्या गटाची एकही नव्हती. एसडीपी लागणार होती, म्हणजे सिंगल डोनर प्लेटलेट. एकाच माणसाच्या दंडाला सुई लावतात, मशीन त्याच्या रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढतं आणि उरलेलं रक्त त्यालाच परत देतं. माणूस त्याच गटाचा लागतो, ए पॉझिटिव्ह. शिवाय नस जाड हवी. माझा गट जुळत होता. पण हिमोग्लोबिन कमी आणि नस दोऱ्यासारखी. टेक्निशियनने माझा हात हलकेच परत मांडीवर ठेवला.

मी अनोळखी माणसांशी बोलत नाही. माझं काम एका कंपनीच्या ग्राहकांशी चॅटवर बोलण्याचं आहे. दिवसभर मी शेकडो लोकांची समजूत घालते, पण टाइप करून, आणि इंग्रजीत. रक्तदात्यांच्या एका ग्रुपमध्येही मी होते. तिथे कुणी गट आणि दवाखाना लिहिला की कुणीतरी ‘येतो’ लिहितं आणि खरंच येतं. मी आईसाठी मेसेज लिहिला. त्याच्या कोपऱ्यात ते बारकं घड्याळ दिसलं आणि तसंच राहिलं.

मग ग्रुपमधले नंबर काढून फोन करायला लागले. कुणी उचलेना. अनोळखी नंबर आजकाल कोण उचलतं? नाव दाखवणारी ॲपं नेटशिवाय मुकी झालेली. ज्यांनी उचलला त्यांच्याशी मी सवयीने “हॅलो सर, गुड आफ्टरनून” अशी सुरुवात केली. एकाने “नको मला कार्ड” म्हणून ठेवून दिला. दुसऱ्याने विचारलं, लोनवाले का? मी नाही म्हणायच्या आत फोन बंद झाला होता. आईच्या नाकात कापसाचा बोळा होता आणि तो लाल होत होता.

शेवटी मामाला लावला. मामा बिलोली तालुक्यात शेती करतो. त्याच्याशी मराठीत बोलतानाही मी अडखळते, तो त्यावरून मला मॅडम म्हणून चिडवतो. त्या दिवशी चिडवलं नाही. मी सांगितलं ते ऐकून एवढंच म्हणाला, “थांब माय. ठेव फोन.”

त्याने काय केलं ते मला नंतर कळलं. गावातल्या विहाराच्या स्पीकरवरून बैठक, मयत, हरवलेली शेळी, सगळं सांगतात. मामाने माइक हातात घेतला आणि सांगितलं, आपली शकू नांदेडला सिरियस हाय, रक्त लागून राहिलंय, ज्याला जमतंय त्यानं टेम्पोपाशी यावं. गट सांगितलाच नाही. त्यांच्याकडे बाळंतपणाला नाहीतर अपघाताला रक्त लागलं की पद्धत एकच: कुणाचंही द्यायचं, पाहिजे ते घ्यायचं. रक्ताला रक्त बदली. प्लेटलेटला ही बदली चालत नाही, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मलाही ते त्याच सकाळी कळलं होतं, आणि मामाला सांगायचं मीच विसरले.

टेम्पो भरला. शहराच्या अलीकडे नाक्यावर पोलिसांनी अडवला. जमावबंदी होती आणि हे एवढे सगळे जण एका गाडीत. कुठे निघालात, कुणी बोलावलं, मेसेज दाखवा. मेसेज कुठून दाखवणार? मामाने मला फोन लावून पोलिसाच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, “कोण बोलतंय? बोला.” माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सिस्टर शेजारी सलाईन बदलत होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि फोन काढून घेतला. “साहेब, वॉर्डातून बोलतेय. पेशंटचे डोनर आहेत ते. तुम्ही धरून ठेवले आणि पेशंटला काही झालं, तर तुमचं नाव लिहून घेऊ का?”

टेम्पो सुटला. मला सुटकेपेक्षा लाज जास्त वाटली. ते वाक्य मी बोलायला हवं होतं.

संध्याकाळी सगळे रक्तपेढीच्या पायऱ्यांवर बाह्या वर करून उभे राहिले. टेक्निशियनने कपाळाला हात लावला. तपासणीत ए पॉझिटिव्ह तिघेच निघाले. एका काकूंचं हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा कमी होतं. दुसरे मामाचे मित्र दगडूकाका. त्यांनी आदल्या दिवशी अंगदुखीची गोळी खाल्ली होती. तिने प्लेटलेट निकामी होतात, तीन दिवस चालणार नाही, असं सांगितल्यावर ते गोळीला शिव्या देत खाली बसले.

तिसरा टेम्पोत आला नव्हता. मोटरसायकलवर मागून आला होता. गावातल्या पाटलांचा मुलगा. बांधावरून त्यांचं आणि मामाचं कितीतरी वर्षं बोलणं नाही. मामाने त्याला पाहिलं आणि मान वळवली. पाटलांचा मुलगा खुर्चीत बसत मला म्हणाला, “इस्पीकर तुमच्या इहाराचा हाय, ताई, पर ऐकू आमच्या घरापातुर येतंय.”

त्याची नस जाड होती. मशीन सुरू झालं. मामा थोडा वेळ दाराशी घुटमळला, मग खाली गेला आणि त्याच्यासाठी ज्यूस घेऊन आला. त्याच रात्री पिवळट रंगाची ती पिशवी आईच्या हाताला लागली. कापसाचा बोळा पांढरा राहायला लागला.

लातूरहून बाबांचा फोन आला, संशय खरा आहे, औषधही तेच. दगडूकाका गावाला परतले नाहीत. “गोळी उतरल्याबिगर म्या जात न्हाई,” म्हणून आमच्या घरी राहिले, परत आलेल्या बाबांशी बुद्धिबळ खेळून हरले, आणि चौथ्या दिवशी प्लेटलेट देऊनच गेले. एव्हाना नेट सुरू झालं होतं. माझा पहिल्या दिवसाचा मेसेज तेव्हा कधीतरी आपोआप गेला. त्यावर लोक ‘येतो’ लिहायला लागले. मी सगळ्यांना उत्तर दिलं.

पुढचे महिने औषधाचे. कॅप्सूलसोबत आर्सेनिकची सलाईन होती. आर्सेनिक म्हणजे सोमल. हे कळल्यावर आई डॉक्टरांना म्हणाली, “एवढी वर्षं पोरांना शिकवलं सोमल विष असतंय म्हणून. आता मलाच पाजून राहिले का?” डॉक्टर पहिल्यांदा हसले. आता ती रिमिशनमध्ये आहे, म्हणजे तपासणीत आजाराच्या पेशी सापडत नाहीत. ती पुन्हा शाळेत जाते.

तुमच्यावर अशी वेळ आली तर रक्तपेढीचा साधा फोन नंबर आधीच कागदावर लिहून ठेवा. डोनरसाठी अनोळखी माणसाला फोन लावाल तेव्हा पहिला शब्द पेशंटचं नाव असू द्या, आणि गट सांगायला विसरू नका. पण हे सगळं तुम्हाला करावं लागावं, हे मला मान्य नाही. शहर शांत राहावं असं मलाही वाटतं. ज्याने भडकावलं त्याला पकडा. माझ्या आईचा मेसेज त्यात कशासाठी पकडला? आदेश काढताना कुणी एका दवाखान्याला तरी विचारलं का? हा प्रश्न मी बरेच दिवस टाइप करत होते आणि पुसत होते.

मग मामाच्या गावी विहारात रक्तदान शिबिर झालं. या वेळी मामाने स्पीकरवरून गटांसकट सांगितलं. पाटलांचा मुलगा होता, दगडूकाका होते, सिस्टरही नांदेडहून आल्या होत्या. तालुक्याचे एक अधिकारी पाहुणे म्हणून आले. ते चांगलं बोलले, रक्तदात्यांचं मनापासून कौतुक केलं. मग बोलण्याच्या ओघात म्हणाले की त्या दिवसांत नेट बंद ठेवलं म्हणून जिल्हा शांत राहिला, आणि खरं सांगायचं तर कुणाचं काही अडलंही नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवयीने वाजवतात तशा.

आभाराचे दोन शब्द मी बोलायचे होते. मी ते लिहून पाठ केले होते. मामाने माइक माझ्या हातात दिला. तो जड होता आणि त्यातून माझ्या श्वासाचा आवाज येत होता, अख्ख्या गावाला, पाटलांच्या घरापर्यंत. पाठ केलेलं सगळं मी बाजूला ठेवलं आणि पाहुण्यांकडे वळले.

“जय भीम. मी प्रज्ञा. साहेब, नेटवाचून माझ्या आईचं अडलं होतं. तुमच्या नाक्यावर तिचं रक्त अडलं होतं. पुढच्या वेळी आदेशावर सही होण्याआधी रक्तपेढीला एक फोन लावा, फोन तर चालूच असतात. आणि कुणाचं काही अडलं नाही, असं आमच्या वतीने सांगू नका. आई दुसऱ्या रांगेत मास्क लावून बसली आहे. तिला विचारा.”