हळदीचं बोट लागलेला कागद

माझी बायको गेली त्या दिवशी मी एक कागद चोरला. घर माझंच, कागद पोरीचा. पण चोरलाच म्हणतो, दुसरं नाव नाही त्याले.

पोरगी जबलपूरले गणितात पीएचडी करते. मी चौथी पास मिस्त्री. भरवेलीच्या खाणीच्या कॉलनीत अर्ध्या भिंती माझ्या हातच्या. तिचं काम तिनं मले माझ्याच गुनियावर समजावलं. गुनिया म्हणजे दोन भिंती काटकोनात आहेत का ते पाहायचं आमचं लोखंडी हत्यार. "बाबा, माझ्या बहुपदी अशाच," ती म्हणाली. "प्रत्येक नवी आधीच्या सगळ्यायले काटकोनात." ती मिळवायची तर एक चौकट मांडावी लागते. दोन बाजूले उभ्या रेघा, आत अक्षरांच्या ओळी. त्याले डिटर्मिनंट म्हणतात. कडेच्या ओळी काढल्या की लहान चौकटी निघतात, आणि त्या लहान चौकटींचा मोठीशी मेळ बसला पाहिजे. तो मेळ सिद्ध करणं हेच तिचं काम.

हे गणित अणूच्या कामी येतं. अणूच्या पोटात शक्तीच्या पायऱ्या असतात म्हणे, आणि त्या एकमेकींले चिकटत नाहीत. "काहून?" मी विचारलं. ती म्हणाली, दोन पायऱ्या एका जागी आल्या की दोन ओळी सारख्या होतात, आणि अख्खी चौकट शून्य.

बायको खाटेवरून बोलली, "मंग मी न् तुहा बाप चाळीस वर्सं एकाच खोलीत राह्यलो. आमी शून्य काय व?"

"तुमच्या ओळी सारख्या होत्या कधी?" पोरगी म्हणाली. "एका तरी गोष्टीवर दोघांनी हौ म्हटलं का?"

बायको खोकेपर्यंत हसली. मले हसू आलं नाही. खरं होतं ते.

शेवटच्या दोन महिन्यांत ती खाटेवरून उठली नाही. पोरगी घरी येऊन कच्च्या कागदावरचं पक्क्या कागदावर उतरवत बसायची आणि दोन्ही कागद आईपुढे ठेवायची. आईचं मन रमावं म्हणून. बायकोले अक्षर ओळखता येत नव्हतं, ती नुसता आकार पाहायची. एकेका चिन्हावर बोट ठेवत जायची. जिथं दोन कागद वेगळे दिसले तिथं कच्च्यावर ओल्या हळदीचं बोट टेकवायची. त्यासाठी उशाशी वाटी. "इथली काडी तिथं नाही, पाह्य," म्हणायची. काडी म्हणजे वजाचं चिन्ह. पहिल्याच दिवशी तिनं एक खरी चूक धरली, तशी पोरगी थट्टा सोडून नीट बसू लागली.

बायकोनं पाहिलेला शेवटचा कच्चा कागद तसाच खाटेवर राहिला. ती गेली त्या सकाळी बाया-माणसं जमली, सामान उचलताना तो माझ्या हातात आला. मधोमध पिवळं बोट, अजून ओलसर. मी बंडीच्या खिशात घातला, मग उशीच्या खोळीत.

तिच्या नावाचं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. पोरगी पुन्हा कामाले बसली तर मेळ बसेना. कुठंतरी काडी सुटली होती, आणि ज्या कच्च्या कागदाशी ताडून पाहायचं तोच नव्हता. तिनं पेट्या उपसल्या, खाटेखाली वाकून पाहिलं. "बाबा, आईनं पाहिलेला कागद दिसला का तुम्हाले?"

"नाही," मी म्हणालो.

पिवळ्याचा अर्थ मले माहीत होता. चूक कुठं आहे ते माझ्या उशीत होतं. पण मेळ बसला की ती जाणार, आणि घरात मी न् ती रिकामी खाट. पाच दिवस मी गप जेवलो. ती पहिल्या पानापासून पुन्हा मांडत राहिली, तिचे डोळे सुजले. सहाव्या दिवशी म्हणाली, "छोड देती हूँ, बाबा. वारासिवनीच्या शाळेत लागते. तुमच्याजवळ राहीन."

मले आनंद झाला. लाज वाटते लिहायले, पण झाला.

मग ती कागद गोळा करता करता म्हणाली, "तसंही आईनं काय पाहिलं असेल? तिले कुठं वाचता येत होतं. मीच येडी."

ते मले सहन झालं नाही. खाटेवरची बाई श्वास लागत असताना एकेक काडी मोजत होती, मी बाजूले बसून पाहिलं होतं. मी उठलो, खोळ फाडली, कागद तिच्यापुढे टाकला. "हे पाहिलं तिनं!"

तिनं पक्कं पान काढून शेजारी ठेवलं. तिसऱ्या ओळीत पिवळ्याखाली काडी होती. पक्क्यावर नव्हती.

"कधीपासून तुमच्याजवळ?"

"पहिल्या दिवसापासून."

तिनं वही ओढली आणि संध्याकाळपर्यंत लिहीत बसली. मेळ बसला. तिसऱ्या दिवशी मी तिले स्टेशनवर सोडलं. रस्ताभर ती मोबाईलमध्ये पाहत होती.

कागद ती घेऊन गेली. गाडीत चढताना माझ्या हातात त्याची झेरॉक्स दिली, म्हणाली, "हा ठेवा." झेरॉक्समध्ये हळद काळी येते. वर्तमानपत्रावर तेल सांडावं तसा डाग दिसतो, बोट वाटतच नाही.

परवा तिचा फोन आला. जेवले का, विचारलं. कागदाचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. खोळ अजून शिवली नाही.