ओळखीचे टाके

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन उन्हात बसली होती. बाळाभोवतीचं दुपटं मी लगेच ओळखलं. मीच शिवून दवाखान्याला दिलं होतं ते. त्यासाठी आधी मी नवं कापड आणलं, तर शेजारच्या शांतामावशी रागावल्या. "तान्ह्याला नवं टोचतं गं. नेसून मऊ झालेलं घे." मग माझी आवडती सुती साडी फाडली, जिवावर आलं तरी. वर्षानुवर्षं माझ्या अंगावर मऊ झालेलं ते सूत आता एका कोऱ्या जिवाला लपेटून होतं.

"छान आहे हो दुपटं," मी मुद्दाम म्हटलं.

"टाके जरा वाकडेत," ती हसली, "पण याच्याशिवाय झोपतच नाही बघा."

ती साडी नेसून मी कधी इतकी मिरवले नव्हते.