अप्पांचा पाय आणि माझे हातमोजे

त्या दुष्काळात लातूरच्या आमच्या घरात दोन गोष्टींची प्रतीक्षा असायची. पाण्याच्या टँकरची सगळ्यांना, आणि उदगीर जिल्हा होण्याची फक्त माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना. शुगरमुळे पायाला जखम झाली म्हणून उदगीरचं दुकान बंद करून ते आमच्याकडे आले होते. मन मात्र गल्ल्यावरच बसलेलं.

जखम मी साफ करायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "चिघळली तर बोटं काढावी लागतील. दर वेळी नवे हातमोजे घाला, वापरले की फेका." मोजे आणायचं काम नवऱ्यानं मोठ्या हौसेनं अंगावर घेतलं आणि फरसाणवाले घालतात तसल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोज्यांचा गठ्ठा आणला. कापसाचा बोळा धरला की मोजाच हातातून सुटायचा. "हवेशीर आहेत," असं त्याचं म्हणणं. शेवटी औषधाच्या दुकानातून माझ्या मापाचे रबरी मोजे मीच आणले. पहिला अंगठीत अडकून फाटला, तेव्हा अंगठी काढून ठेवायची अक्कल आली.

तयारीनिशी समोर बसले, तर अप्पांनी पाय आत ओढला. लिंगायतांच्या रीतीनं गळ्यात बांधलेल्या इष्टलिंगावर हात ठेवून म्हणाले, "देवाला मी रोज पूजेला उघड्या तळहातावर घेतो. अन् तू माझ्या पायाला हात लावायला मोजे घालायलीस? लई घाण वाटते का गं माझी?"

मला रागही आला आणि रडूही.

"अप्पा, पूजेआधी तुम्ही हात धुता का न्हाई?"

"धुतो की."

"मग मी कशानं धुऊ? टँकरच्या पाण्यात अळ्या हायेत. माझ्या हाताची घाण तुमच्या जखमेत जाऊ न्हाई म्हणून मोजे."

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. त्या दिवशी पट्टी बदललीच नाही. नवऱ्यानं त्यांची समजूत घातली ती अशी की अप्पा त्याच्यावरही रुसले.

दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर त्यांनी मला हाक मारली. लिंगाच्या स्नानासाठी रोज उकळून, गाळून ठेवलेलं पाणी तांब्यात तसंच होतं.

"देवाचं आज भस्मावर भागवलं," ते म्हणाले. "हात पुढं कर."

साबण लावून मी हात धुतले. पाणी त्यांनीच घातलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

"घाल आता तुझे मोजे," म्हणाले आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला.