जवानांसाठी खास सवलत

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या एका बिल्डरने फसवलं. दाजी लष्करात साधे शिपाई आहेत. बिल्डर अजून तिथेच आहे, नव्या इमारतीचं बुकिंग घेतोय.

लोक मला म्हणतात, "घेतानाच नीट बघायचं ना!" मी बघतच होतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात मी हमाल म्हणून आलो, आज तिथेच सळयांचा धंदा करतो. भाव करताना मला आजवर कोणी गुंडाळलेलं नाही.

बहीण दोन मुलींना घेऊन विचुंब्यात भाड्याने राहते, कारण दाजींची नेमणूक जिथे आहे तिथे बायकामुलांना नेता येत नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक भाडं वाढवतो, नाहीतर खोली सोडा म्हणतो. शिपायाची नोकरी चाळिशीच्या आतच संपते. त्याआधी स्वतःचं छप्पर हवं, एवढंच त्या दोघांचं म्हणणं. पण विमानतळाची कामं सुरू झाल्यापासून पनवेलचे भाव शिपायाच्या पगाराला विचारत नाहीत. आम्ही आधी दोन खोल्यांचे फ्लॅट बघितले, मग एका खोलीचे. अशात बहिणीच्या मागच्याच रस्त्यावर एका नव्या इमारतीवर पाटी लागली: जवानांसाठी खास सवलत.

दाजी रजेवर आले होते. त्या बिल्डरच्या ऑफिसात जाताना मी त्यांना बजावलं, "तुम्ही फक्त चहा प्यायचा. बोलायचं मी."

बिल्डर केबिनमध्ये शिरला आणि दाजी ताडकन उठून उभे राहिले. मी शर्ट ओढून त्यांना खाली बसवलं.

"बसा ओ फौजी, आमी कसले साहेब!" बिल्डर हसला. "रजा कवापर्यंत हाय?"

"पुढच्या रविवारची गाडी आहे, साहेब."

माझं डोकंच फिरलं. घाई कोणाला आहे हे समोरच्याला कळलं, की भाव करायला काही उरत नाही. बाहेर आल्यावर मी दाजींना झापलं. ते म्हणाले, "त्यांनी विचारलं, दादा. खोटं कसं सांगू?"

त्या दिवसापासून बिल्डर सापडेना. कधी वकील उरणला गेला हाय, कधी कागद टाइप होतायत. शनिवारी संध्याकाळी, दाजींची पेटी भरून झाल्यावर, त्याने आम्हाला बोलावलं आणि बुकिंगचा कागद पुढे केला. मी तो मोठ्याने वाचला. सहा महिन्यांत ग्राहकाने स्वतः हजर राहून रजिस्ट्रेशन करायचं, नाहीतर बुकिंग रद्द.

"माझ्या बहिणीच्या नावावर करा," मी म्हणालो. "ती इथेच असते. उद्या म्हणाल तर उद्या सही करेल."

"शेठ, सवलत जवानाला हाय. ताईच्या नावावर करायचं तर ताईला बाजारभाव लागंल."

तो भाव त्या दोघांच्या आवाक्यात नव्हता, आणि हे त्यालाही माहीत होतं. मी टेबलावर हात आपटला. अट काढ म्हटलं, निदान एक वर्ष कर म्हटलं. तो मोबाइल बघत बसला.

"दादा, मी रजा दोन तुकड्यांत घेतो," दाजी म्हणाले. "सहा महिन्यांच्या आत येतो."

"रजा मंजूर कोण करतं? तुम्ही?"

"नाही."

"मग?"

बहीण हळूच म्हणाली, "दादा, आता ताणू नकोस. हे गेलं तर मला विचुंब्यात काय मिळणार आहे?"

बिल्डरने बोट ठेवलं तिथे दाजींनी सही केली. त्यांच्या फंडातले पैसे गेले, तिच्या पाटल्या गेल्या.

पाचव्या महिन्यात सीमेवर तापलं आणि सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. आमच्या भागात जो तो मोबाइलवर झेंडे लावत होता. बिल्डरनेही लावला, खाली लिहिलं, सलाम. दाजींनी तिकडून बायकोला अधिकार देणारं मुखत्यारपत्र पाठवलं. त्यांनी ते आपल्या अधिकाऱ्यासमोर सही करून, शिक्का घेऊन पाठवलं होतं. बहीण ते घेऊन गेली तर बिल्डर म्हणाला, "आमच्या वकिलाला हे नाय चालत, ताई."

मुदत संपली आणि त्याच आठवड्यात तो फ्लॅट वाढलेल्या भावाने दुसऱ्याला गेला. मी जाऊन त्याची कॉलर धरली. त्याच्या माणसांनी मला ओढत बाहेर काढलं. तो बाही नीट करत म्हणाला, "मुदतीपर्यंत थांबलो का नाय आमी? तुमचा फौजीच नाय आला. त्यात माझा काय गुन्हा?"

पैसे कापून, तुकड्यातुकड्यांनी परत आले. तोवर तेवढ्या पैशांत विचुंब्यात काय, त्याच्या पलीकडेही काही मिळेना. वकिलाकडे गेलो. त्याने कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "केस करू. पण तारखांना तुमचे दाजी हजर राहतील का?" भांडणातही हजेरी लागते, आणि नेमकी तीच दाजींकडे नाही.

त्यांचा फोन आला तेव्हा मी बिल्डरला शिव्या घालत होतो. ते शांतपणे म्हणाले, "जाऊ द्या दादा. पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ येणार नाही हे मला माहीत आहे, मी रोज भाव ऐकतो. बहिणीलाही माहीत आहे. तिने परत खोली बदलली, या वेळी पाण्याची टाकी दिवसाआड भरते अशा ठिकाणी. सामान लावताना तिने मला विचारलं, "हे पेन्शनीवर आले की आम्ही कुठे जायचं रे दादा?" आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मी तिला काय सांगू? फसवणाऱ्याने पाटी लावून, कागद वाचून दाखवून फसवलं. आणि लष्करातल्या ज्या साहेबांनी दाजींना त्या महिन्यात जागेवरून हलू दिलं नाही, त्यांनी मागे त्यांचं घर जाताना एकदाही वळून बघितलं नाही. साहेब, तुम्ही त्यांना अडवून ठेवलंत, मग त्यांच्या मुदतीला तुमच्यातलं कोण हजर राहिलं? बिल्डरला मी सोडणार नाही. पण तुमच्यातल्या कोणीतरी या खोलीत यावं, माझ्या बहिणीसमोर बसावं आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं.