तिसऱ्या दिवसाची वाट

वासराच्या हगवणीचा आमच्या घरात एक नियम होता, वडिलांनी घालून दिलेला. पहिल्या दिवशी दूध तोडायचं, दुसऱ्या दिवशी बेलाचा गर पाजायचा, तिसऱ्या दिवशी वासरू आपोआप उड्या मारतं. डॉक्टर त्यानंतर. वडील गेले, नियम राहिला. आणि मी असा माणूस, की घरचं काही कोणी चुकीचं म्हटलं की माझं डोकंच फिरतं.

नाचणगावच्या शिवारात आमचा भाजीपाल्याचा मळा. गाय मात्र बायकोची, तिच्या माहेराहून, आष्टीहून आलेली. चार वेतांना गोऱ्हेच झाले. पाचव्याला वासरी झाली तेव्हा बायकोनं शेजारीपाजारी खरवस वाटला. गाय आता उतरणीला लागली होती. ही वासरी जगली तरच माहेरचा तो वंश आमच्या गोठ्यात राहणार होता.

नवव्या दिवशी सकाळी वासरीला पांढरट, पातळ हगवण लागली. मी दावं आखडून तिला गाईपासून लांब बांधलं. गाय दिवसभर हंबरत होती. हंबरेल नाही तर काय, म्हणून मी कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी पुलगावच्या बाजारासाठी वांगी तोडत होतो. बायको बांधावर येऊन उभी राहिली.

“बोट तोंडात दिलं तं चोखत नाई. तोंड थंडं लागते तिचं. डॉक्टरले फोन लावा.”

“आज दुसराच दिवस हाये. गर पाज.”

“गिळतच नाई तं पाजू कशी?”

“तुले लय समजते. माह्या बापानं जलमभर ढोरं राखले.”

तिनं वांग्यांचं एक कॅरेट उचलून बांधावर ठेवलं आणि घरी गेली.

तिसऱ्या दिवशी उड्या मारणं सोडाच, वासरी मानही उचलेना. तेव्हा मी फोन केला. डॉक्टर आले. त्यांनी मानेची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली; अंगात पाणी उरलं नव्हतं. डोळे खोल गेले होते. सलाईन लावलं, पण ते वरातीमागून घोडं. बाटली अर्धी व्हायच्या आत वासरी गेली.

दूध कोणी तोडलं, असं त्यांनी विचारलं. मी नियम सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“चारा खाणारं मोठं वासरू निभावून नेतं,” ते म्हणाले. “नऊ दिवसांच्या जिवात असतं काय? त्याचं दूध चालू ठेवायचं, मधून मधून मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. आणि चोखणं सोडलं, उठेना झालं, तोंड थंड पडलं, की त्याच घटकेला फोन. दिवस मोजत बसायचं नाही.”

रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. वडिलांनी दूध तोडलेली वासरं खरंच चांगली दोन-तीन महिन्यांची होती, हे मला तिथेच उभ्या उभ्या आठवलं. इतकं लहान वासरू हगलं तर ते काय करायचे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

धुऱ्याला, बांधाच्या कडेला, खड्डा खणला, मीठ टाकलं, माती लोटली. मग पालकाला पाणी सोडलं. लिहायला लाज वाटते, पण मला काहीच वाटत नव्हतं. हातपाय आपलं काम करत होते, एवढंच. जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही. बायको बोलेल, शिव्या घालेल, याची वाट पाहत होतो.

संध्याकाळी ती गोठ्यात गाईपाशी बसली होती. मी वैरण घेऊन गेलो. तिनं वर पाहिलं नाही.

“डॉक्टरचा नंबर माह्याही मोबाईलमध्ये हाये,” ती म्हणाली. “तुमी वांगे तोडत होते तवा मी दोनदा काढला. तुमच्या भेवानं लावला नाई.”