शनिवारी बंद पडणारी मोटारसायकल

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर आम्हाला निरोप द्यायला कोण कोण आले होते, हे मी मुलानातवंडांना कितीदा तरी सांगितले आहे. आईने खिडकीतून माझा हात धरला आणि म्हणाली, "पोचलास की आधी पोटभर जेव." माझ्या गॅरेजमधला धर्मा का आला नव्हता, असे कुणी विचारले की मात्र मी विषय बदलत आलो. आता सांगतो. तुम्ही माझ्यासारखे इकडे इस्राएलला आलेले असा की तिकडेच राहिलेले, ऐका आणि माझी बाजू घेऊ नका.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा विश्रांतीचा शब्बाथ लागे, शनिवार संध्याकाळपर्यंत गॅरेज माझ्यापुरते बंद. शनिवारी ते धर्मा एकटा चालवायचा. धर्मा खाडीकाठचा आगरी, माझ्याच वयाचा, मिठागर सोडून माझ्याकडे काम शिकलेला. मी इस्राएलला जायचे ठरवले तेव्हा जागेच्या मालकांशी बोलणे झाले होते की माझ्यानंतर जागा धर्माला द्यायची. "तुम्ही सांगता ना, मग झाले," असे मालक म्हणाले होते.

त्याच सुमारास आमच्या डॉक्टरांची जुनी मोटारसायकल अधूनमधून बंद पडू लागली. धावता धावता इंजिन गप्प. थोड्या वेळाने किक मारली की चालू, जणू काही झालेच नाही. मी बॅटरी तपासली, पॉइंट घासले, प्लग बदलला, कॉईलही बदलली. गॅरेजमध्ये स्टँडवर ती एकदाही बंद पडली नाही. बंद पडायची ती शनिवारीच, डॉक्टर खेड्यांच्या फेरीवर असताना. आणि फेरीवर निघण्याआधी ते चाकात हवा भरून घ्यायला गॅरेजवर थांबत.

शनिवारी गाडीला हात कुणाचा लागतो? धर्माचा. मला हे अगदी सरळ वाटले. रविवारी डॉक्टर आणि मालक दोघांसमोर मी त्याला म्हणालो, "माझ्या पाठीमागे तू काहीतरी उघडतोस."

"मी नाय काय उघडलं. हवा भरून दिली, बस."

"मग शनिवारीच कशी बंद पडते?"

"ती पन तुज्यावानी शब्बाथ पाळत आसंल, मेस्त्री."

मालक हसले. त्या हसण्याने माझे डोके फिरले. मी त्याला खोटारडा म्हणालो. धर्माने हात पुसले, फडके खिळ्याला अडकवले आणि गेला. जागा मालकांनी दुसऱ्या एकाला दिली. धर्मा पुन्हा मिठागरावर उतरला.

निघायला थोडे दिवस उरले होते. दोष सापडल्याशिवाय पनवेल सोडायचे नाही, असे मी ठरवले. इंजिन चालू ठेवून एकेक वायर हलवत गेलो. काही नाही. शेवटी तशीच चालू गाडी दारातून वळवून बाहेर काढताना हँडल पार डावीकडे गेले आणि इंजिन बंद. सरळ करून किक मारली, चालू. पुन्हा डावीकडे, पुन्हा बंद.

हँडलच्या मानेशी वायरी मेणाच्या दोऱ्याने आवळलेल्या होत्या. त्या मीच बांधल्या होत्या. वडील टांग्याच्या घोड्यांचे लगाम शिवत. "आवळ अजून, सैल सोडू नको," हे त्यांचे सांगणे माझ्या हातात मुरले होते. पण लगाम वेगळा आणि वायर वेगळी. वळायला ढील नसल्याने आतली तांब्याची तार तुटली होती, वरचे आवरण मात्र शाबूत. टोके टेकली की गाडी चाले, सुटली की बंद. शनिवारी डॉक्टर जात ती गावे मिठागरांपलीकडची. तिथल्या अरुंद बांधांवर हँडल पार वळवावे लागे. एवढेच होते.

मी नवी वायर टाकली, ढील दिली. मेस्त्रींनी जाता जाता दोष काढला, असे डॉक्टर गावभर सांगत सुटले. मी ते ऐकून घेतले. धर्माचे गाव सायकलने सहज गाठता आले असते. मी गेलो नाही.

इकडे आम्ही लोद शहरात राहिलो. इथे गॅरेजला मुसाख म्हणतात. तिथे माझे नाव झाले. लपलेला दोष असला की मलाच हाक मारत. शनिवारी इथे सगळे गावच बंद, त्यामुळे माझ्या पाठीमागे कोण काय करतो, हा प्रश्न उरला नाही.

बऱ्याच वर्षांनी पनवेलला गेलो, तो धर्माकडे जायचे ठरवूनच. तो ओटीवर बसला होता, दात गेलेले, पाय मिठाने भेगाळलेले.

"मेस्त्री, तिकडं जाऊन गोरा व्हशील वाटलं. तू तं व्हता तसाच," म्हणून हसला. सुनेला चहा ठेवायला सांगितले. मग हळूच म्हणाला, "डाक्टरच्या त्या गाडीला काय व्हतं रं? मी लय इचार केला. हवा भरताना माजाच हात कुटं लागला आसंल का?"

मी तेच सांगायला आलो होतो. म्हणालो, "जुनी गाडी होती, धर्मा."

"आसंल," तो म्हणाला आणि कप माझ्याकडे सरकवला.

पुढच्या वर्षी तो गेल्याचे कळले.

आजोबा, तुमचे घर कुठले, असे नातवंडे विचारतात. तेव्हा मला लोद सुचत नाही, आईचे पनवेलचे घरही नाही. ती खाडीकाठची ओटी सुचते, कारण माझे बोलायचे तिथे राहिले आहे. ते इथे लिहितो. त्याच्या मुलांपर्यंत कुणीतरी पोचवा.

धर्मा, तुझा हात कुठेही लागला नव्हता. वायर मी आवळली होती, आणि हे मला पनवेल सोडण्याआधीच कळले होते. मला माफ कर.